जोडीने इमारती बघायला निघालात? मग हे आधी वाचा

आमची पहिली अशी सहल एका बंद फाटकासमोर संपली. दोन गाड्या बदलून आणि शेवटचे दोन किलोमीटर चालून आम्ही एका नावाजलेल्या घरापाशी पोचलो, तर फाटकावर पाटी: आठवड्यातून दोन दिवस बंद. त्यातला एक नेमका त्या दिवशीचा. मी टाचा उंचावून कुंपणावरून घराचा जेवढा कोपरा दिसेल तेवढा बघत होते. शेजारी उभा असलेला नवरा म्हणाला, "छपराचा पाइप बाहेरून उतरवलाय गं. आतून न्यायला जागा नसणार." मी इतकी वैतागले होते की त्याच्या बोलण्याकडे लक्षच दिलं नाही. पुढे बऱ्याच इमारती बघून झाल्यावर कळलं, की त्या दिवशी इमारत खऱ्या अर्थाने बघितली होती ती त्यानेच.

मला इमारतींचं वेड आहे, त्याला नाही. बहुतेक जोडप्यांत असंच असतं. दोघांनाही सारखंच वेड असेल तर हा लेख तुमच्या फारसा उपयोगाचा नाही. इथे आधुनिक वास्तुकला म्हणताना 1920 च्या आसपास सुरू झालेलं, काँक्रीट, पोलाद आणि काच यांच्या जोरावर उभं राहिलेलं बांधकाम माझ्या डोळ्यांसमोर आहे. नक्षी नाही, कमानी नाहीत, मूर्ती नाहीत. म्हणूनच नवख्या माणसाला पहिल्या पाच मिनिटांत वाटतं, "यात बघायचं काय?" त्या पाच मिनिटांच्या पलीकडे दोघांनी मिळून कसं जायचं, ते पायरीपायरीने सांगते.

१. घरी असतानाच प्रत्येकाने आपला एक प्रश्न ठरवा

ही पायरी सगळे गाळतात, आणि सगळ्यात महत्त्वाची हीच. एक जाणकार आणि दुसरा नुसता सोबतीला आलेला, अशी वाटणी झाली की सहल बिघडलीच म्हणून समजा. जाणकार सालं आणि शैली सांगत सुटतो. सोबतीला आलेला पिशव्या सांभाळतो आणि तिसऱ्या खोलीनंतर बाक शोधून फोन काढतो. त्यात त्याची चूक नसते, त्याला करायला काही दिलेलंच नसतं.

म्हणून दोघांनी एकेक प्रश्न घ्यायचा आणि प्रत्येक इमारतीत तोच विचारायचा. प्रश्न असा हवा की त्याचं उत्तर जागेवर, डोळ्यांनी आणि पायांनी सापडेल, त्यासाठी पुस्तक वाचावं लागणार नाही. माझ्या नवऱ्याचा प्रश्न अर्थातच: पावसाचं पाणी कुठे जातं? माझा: दारातून आत शिरताना पहिल्या दहा पावलांत काय काय बदलतं?

पाण्याचा प्रश्न मला आधी हास्यास्पद वाटला होता. पण आधुनिक वास्तुकलेच्या वर्मावर बोट ठेवणारा दुसरा प्रश्न मला अजून सापडलेला नाही. पॅरिसजवळ पॉसी इथलं व्हिला साव्हॉय घ्या. ल कॉर्बुझिए आणि त्याचा चुलतभाऊ पिएर जानरे यांनी हे घर 1931 मध्ये पुरं केलं. आधुनिक घरासाठी ल कॉर्बुझिएने मांडलेली पाच तत्त्वं इथे एकत्र दिसतात: घर खांबांवर उचललेलं, छपरावर बाग, आतल्या भिंती हव्या तिथे, खिडक्यांची लांब आडवी पट्टी आणि भार न पेलणारा मोकळा दर्शनी भाग. छपरावर बाग म्हणजे छप्पर सपाट, आणि सपाट छपरावर पाणी थांबतं. घराच्या मालकीणबाईंनी वास्तुविशारदाला तक्रारीची पत्रं पाठवली होती: दालनात पाणी गळतंय, रॅम्पवर गळतंय, गॅरेजची भिंत भिजलीय. जगातल्या प्रत्येक वास्तुकला महाविद्यालयात शिकवलं जाणारं हे घर त्यात राहणाऱ्या बाईला बादल्या मांडायला लावत असणार, हे माहीत असलं की रॅम्पवरून चढताना वेगळीच गंमत येते.

हाच प्रश्न घेऊन अमेरिकेत इलिनॉयमधल्या फार्न्सवर्थ हाऊसला जा. मीस व्हान डेर रोहेचं हे काचेचं घर 1951 चं. नदीकाठी आहे म्हणून ते मुद्दाम खांबांवर उचललेलं आहे, तरी 1954, 1996 आणि 2008 मध्ये नदीचं पाणी त्यात शिरलंच. सिडनी ऑपेरा हाऊसपाशी जा. तिथल्या शिंपल्यांसारख्या छपरांवर दहा लाखांहून जास्त फरशा आहेत आणि त्या पावसानेच धुऊन निघतात. एकाच प्रश्नाला तीन घरची तीन उत्तरं. विचारणाऱ्याला वास्तुकलेचा इतिहास येत नसला तरी काही अडत नाही.

तुम्हाला पाण्यात रस नसेल तर: बसायला जागा कुठे ठेवलीय? खिडकीची कड उभ्या माणसाच्या डोळ्यांशी येते की बसलेल्याच्या? हात कुठे कुठे लागतो, आणि तिथे कोणतं सामान वापरलंय? बोललं की आवाज घुमतो का? हे सगळं रोज पुसतं कोण, आणि कसं? हा शेवटचा प्रश्न ज्यांच्या वाट्याला घरची साफसफाई येते त्यांना आपोआप सुचतो, आणि तो फार चांगला आहे. मोठमोठ्या काचांचं कौतुक तिथे जरा थंडावतं.

२. पहिली इमारत निवडताना घरापासून सुरुवात करा

कारण साधं आहे: घर कसं असावं याबाबत प्रत्येक माणूस जाणकार असतो. विधानसभा किंवा संग्रहालय बघताना माणूस बुजतो. घरात शिरल्यावर मात्र कोणीही बेधडक म्हणतं, "इथे कपाट कुठे ठेवणार?"

जोडीने बघायला मला खास वाटणारी घरं ही. नेदरलँड्समधल्या उट्रेक्टचं रीटव्हेल्ड श्रोडर हाऊस, 1924 चं. ट्रूस श्रोडर या तीन मुलांच्या विधवा आईने वास्तुविशारद खेरीट रीटव्हेल्डबरोबर बसून ते आखलं आणि 1985 मध्ये मृत्यू होईपर्यंत ती तिथेच राहिली. वरच्या मजल्यावरच्या भिंती सरकतात: दिवसा एक मोठी खोली, रात्री निजायच्या वेगवेगळ्या खोल्या. कोपऱ्यातली खिडकी उघडली की कोपराच नाहीसा होतो, कारण तिथे खांब ठेवलेलाच नाही. हे घर लहान आहे, त्यामुळे नवख्यांची दमछाक होत नाही.

लॉस एंजेलिसचं ईम्स हाऊस, 1949. चार्ल्स आणि रे ईम्स या नवरा-बायकोने ते स्वतःसाठी बांधलं आणि शेवटपर्यंत तिथे राहिले. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरचं ई-1027 हे आयलीन ग्रेने 1929 मध्ये पुरं केलेलं घर तर नावापासूनच जोडप्याचं आहे. ई म्हणजे आयलीन. 10, 2 आणि 7 म्हणजे इंग्रजी वर्णमालेतली त्या त्या क्रमांकाची अक्षरं: तिचा जोडीदार जाँ बादोविची याची दोन आद्याक्षरं आणि शेवटी ग्रे या आडनावाचं. तिच्या अक्षरांच्या मधोमध त्याची. घर बांधून झाल्यावर काही वर्षांतच दोघं वेगळी झाली, आणि पुढे ल कॉर्बुझिएने तिला न विचारता त्या घराच्या भिंती आपल्या चित्रांनी रंगवून टाकल्या. शेजारीच त्याची स्वतःची लाकडी झोपडी आहे, 3.66 मीटर लांब आणि तेवढीच रुंद, जी त्याने बायको इव्हॉनसाठी वाढदिवसाची भेट म्हणून आखली होती. एका दुपारी या दोन्ही जागा बघून बाहेर पडल्यावर दोघं गप्प बसलीत असं होणारच नाही. कोण चुकलं यावर आमचा अजून वाद चालू आहे.

जोडीदाराला इमारतींचं अगदीच वावडं असेल, तर जिथे जाण्याचं कारणच दुसरं आहे अशी इमारत निवडा. सिडनीत मैफलीचं तिकीट काढा. स्वित्झर्लंडमधल्या व्हाल्सला पीटर झुमथोरने 1996 मध्ये बांधलेल्या दगडी स्नानगृहात गरम पाण्यात बसा. तिथे कोणाला काही समजावून सांगायची गरजच पडत नाही. न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात चित्रं बघायला जा, फक्त आधी लिफ्टने वर जाऊन मग चक्राकार उतरणीवरून खाली या. ते आखणाऱ्या फ्रँक लॉइड राइटच्या मनात तेच होतं.

आणि एका दिवसात एकच इमारत. फार तर दोन, त्याही जवळजवळ असल्या तर. पाच उरकणारी जोडपी मी पाहिली आहेत. संध्याकाळी त्यांना कोणता जिना कुठला हेसुद्धा सांगता येत नाही.

३. तारीख, वेळ आणि परवानगी

आम्ही जिथे तोंडावर पडलो ती ही पायरी, म्हणून जरा नीट सांगते.

यातली बरीच घरं संग्रहालयासारखी मोकळी नसतात. ठरलेल्या वेळी, ठरावीक माणसांनाच आत सोडतात. चेक प्रजासत्ताकातल्या ब्रनोचं व्हिला टुगेन्धाट हे मीसचं 1930 चं घर. त्याची तिकिटं महिने-महिने आधी संपतात, तेव्हा प्रवासाची तिकिटं काढण्याआधी घराचं तिकीट काढा. मेक्सिको सिटीतलं वास्तुविशारद लुईस बारागानचं घर असो की ओसाकाजवळचं तादाओ आंदोचं 1989 चं चर्च ऑफ द लाइट, न विचारता दारात जाऊन उभं राहण्यात अर्थ नाही. ते चर्च तर प्रार्थनेचं आहे, पर्यटनासाठी बांधलेलं नाही.

सोमवार-मंगळवार हे संशयाचे वार. ऋतूही बघा: फिलिप जॉन्सनचं कनेटिकटमधलं ग्लास हाऊस हिवाळ्याचे काही महिने बंदच असतं. दुरुस्तीची चौकशी तर न विसरता करा. ही घरं आता ऐंशी-नव्वद वर्षांची झाली आहेत, काँक्रीटला दुखणी लागली आहेत, आणि परांच्यांनी मढवलेलं घर बघायला समुद्र ओलांडून जाणं फार जिव्हारी लागतं. संस्थेच्या संकेतस्थळावर काही दिसलं नाही तरी एक ईमेल टाका: "अमुक तारखेला बाहेरून किंवा आतून काही झाकलेलं असेल का?" एवढंच. उत्तर बहुधा येतं.

काही इमारती आजही कामाच्या आहेत. चंदीगडच्या कॅपिटॉल संकुलात उच्च न्यायालय, सचिवालय आणि विधानसभा रोज चालतात, त्यामुळे तिथे ओळखपत्र घेऊन गाइडबरोबरच फिरता येतं. अहमदाबादची लुई कानने उभारलेली व्यवस्थापन संस्था हे विद्यार्थ्यांचं राहतं आवार आहे. आधी परवानगी काढा. मिळाली नाही तर फाटकावर हुज्जत घालू नका, पहारेकऱ्याच्या हातात काही नसतं.

दिवसातली वेळ ठरवताना इमारतीचं तोंड कुठे आहे ते नकाशावर बघा. पूर्वेकडे तोंड असेल तर सकाळ, पश्चिमेकडे असेल तर दुपार उलटल्यावर. खडबडीत काँक्रीटवर ऊन तिरपं पडलं की फळ्यांचे ठसे उठून दिसतात, शिरा, खिळ्यांच्या खुणा, सगळं. भर दुपारी तीच भिंत सपाट आणि करडी. आभाळ भरलेलं असेल तर काचेच्या इमारतींना जा, काँक्रीटच्या दुसऱ्या दिवसावर ढकला.

४. अभ्यास, पण अर्ध्या तासाचा

फक्त तळमजल्याचा नकाशा आणि उभा छेद बघा. छेद म्हणजे घर वडीसारखं सुरीने कापलं तर बाजूने दिसेल ते चित्र. फोटो कमीत कमी बघा. शंभर फोटो बघून गेलेला माणूस तिथे नवीन काही बघत नाही, फोटोतली जागा हुडकत फिरतो.

गोष्ट मात्र एक तरी माहीत करून घ्या, आणि ती वास्तुविशारदाची नको, घरात राहिलेल्याची हवी. फार्न्सवर्थ हाऊसची मालकीण आणि मीस यांचं प्रकरण शेवटी कोर्टात गेलं, हे माहीत असलं की त्या काचांकडे नुसतं "वा!" म्हणून बघवत नाही.

५. बरोबर काय घ्यायचं

सहज काढता-घालता येणारे, सपाट तळाचे बूट. बऱ्याच घरांत बुटांवर पिशव्या चढवायला लावतात किंवा बूट काढून ठेवायला सांगतात, आणि टाचांनी जुन्या जमिनीवर खळगे पडतात म्हणून टाचेच्या चपला चालत नाहीत. पाठीवरची मोठी पिशवी बाहेरच ठेवावी लागते, तेव्हा वही-पेन्सिल खिशात मावेल अशी हवी. पेन्सिलच, शाई बऱ्याच ठिकाणी चालत नाही. पाणी, छत्री. झालं.

६. पोचल्यावर: आधी प्रदक्षिणा, मग गप्प, मग वेगवेगळे

देवळात गेल्यावर आपण जे करतो तेच करायचं, पण आधी बाहेरून. शक्य असेल तिथे इमारतीला एक फेरी घाला, मागची बाजू धरून. वास्तुविशारदाने पाहुण्यांना दाखवायचं म्हणून जे केलं नाही, ते मागे असतं: पाइप, झडपा, कचऱ्याची जागा, पुढे केलेली डागडुजी.

मग दोघांनी एकत्र आत शिरायचं आणि दहा मिनिटं तोंडातून शब्द काढायचा नाही. हे अवघड आहे, विशेषतः ज्याने अभ्यास केलाय त्याला. पण दोघांपैकी एकाने "हे बघ" म्हटलं की दुसऱ्याचं बघणं तिथेच थांबतं. त्यानंतर वीस मिनिटं सुटं फिरायचं, ज्याचा प्रश्न त्याच्याबरोबर. भेटायची जागा आधी ठरवून ठेवायची. भेटल्यावर प्रत्येकाने दुसऱ्याला एकच गोष्ट दाखवायची. एकच. निवडावी लागते म्हणून तर ती चांगली निघते.

फ्रान्सच्या पूर्वेला रोंशाँच्या टेकडीवर ल कॉर्बुझिएचं 1955 चं प्रार्थनामंदिर आहे, तिथे हे असं झालं. बाहेर डोळे दिपवणारं ऊन, आत शिरताच काळोख. पहिलं मिनिटभर काहीच दिसेना. मग दक्षिणेच्या जाडजूड भिंतीतली लहान-मोठी खिडकी एकेक करून उजळत गेली, काही पांढऱ्या काचेची, काही निळ्या-लाल. पाय आपोआप पुढे जायला लागले तेव्हा कळलं की जमीनही उतरती आहे. टेकडीचा उतार तसाच आत घेऊन ती वेदीकडे जाते. मी वर बघितलं. एवढं अवजड, पोट सुटल्यासारखं खाली आलेलं काँक्रीटचं छप्पर, आणि ते भिंतीला टेकलेलंच नव्हतं. मधे वीतभरापेक्षाही कमी फट, आणि फटीतून प्रकाशाची बारीक रेघ.

वीस मिनिटांनी नवरा पश्चिमेच्या बाजूला भेटला. "इकडे ये," म्हणाला. तिथे भिंतीतून दोन नाकपुड्यांसारखी जाडजूड पन्हळ बाहेर आली होती आणि खाली एक टाकं. "सगळं छप्पर इकडेच उतरतंय. एवढ्या मोठ्या छपराला ही एकच चोच." पाऊस नव्हता, पण पाणी कसं धो-धो पडत असेल ते आम्ही दोघांनी उभ्याउभ्या बघितलं. मग मी त्याला आत नेऊन फट दाखवली. तो बराच वेळ वर बघत राहिला.

"टेकलेलं नाही, मग भार कुठे जातो?"

"मला काय माहीत?"

"खांब असणार. भिंतीच्या आत लपवलेत."

बरोबर होतं. ती जाडजूड भिंत छप्पर पेलण्याचं नुसतं सोंग करते. पेलणारे खांब तिच्या पोटात आहेत. या इमारतीविषयी मी इतकं वाचलं होतं, आणि हा साधा प्रश्न मला सुचला नव्हता.

दोघांच्या उंचीत फरक असेल तर आणखी एक खेळ. बार्सिलोनातला मीसचा मंडप 1929 च्या प्रदर्शनासाठी बांधला, पुढच्याच वर्षी उतरवला आणि 1986 मध्ये त्याच जागी पुन्हा उभा केला. त्यात ओनिक्स दगडाची एक भिंत आहे. मीसला तेव्हा ओनिक्सचा जो मोठा ठोकळा मिळाला, त्याच्या दुप्पट उंची त्याने मंडपाला दिली; म्हणून त्या भिंतीचा आडवा सांधा बरोबर मधोमध येतो. तो माझ्या डोळ्यांच्या रेषेत आला आणि छत व जमीन एकमेकांची प्रतिबिंबं वाटायला लागली. नवऱ्याला तसं काही वाटेना. तो उंच आहे, सांधा त्याच्या हनुवटीशी. मग तो गुडघ्यांत वाकला आणि ओरडलाच, "अरेच्चा!" पहारेकरी वळून बघायला लागला ती गोष्ट वेगळी.

७. गाइडबरोबरची फेरी असेल तर

सुटं फिरायची मुभा नसते, तेव्हा एकाने घोळक्याच्या पुढे राहायचं आणि एकाने मागे. पुढच्याला गाइडचं बोलणं ऐकू येतं, मागच्याला रिकामी झालेली खोली अर्धं मिनिट एकट्याने मिळते. निम्म्यात अदलाबदल. तुमचा प्रश्न गाइडला जरूर विचारा. टुगेन्धाटच्या मोठ्या काचा जमिनीत कशा उतरतात हे विचारणाऱ्याला गाइड जास्त जीव लावतात. त्या घराची तळघरातली यंत्रं दाखवणारी लांब फेरीही असते. ज्या जोडीदाराला खोल्यांपेक्षा यंत्रं आवडतात त्याच्यासाठी तीच काढा.

पेनसिल्व्हेनियातल्या राइटच्या फॉलिंगवॉटरला जाल तर आतल्या बैठकीत क्षणभर डोळे मिटा. घर धबधब्यावरच आहे, त्यामुळे आतून तो दिसत नाही, फक्त ऐकू येतो. बहुतेक लोक खिडकीशी जाऊन धबधबा शोधत बसतात.

८. फोटो

भांडणं इथे होतात. आमचा नियम: पहिल्या अर्ध्या तासात कॅमेरा बाहेर काढायचा नाही, आणि नंतर प्रत्येकी दहा फोटो. त्यातल्या एकात जोडीदार हवाच, पण पोझ देऊन नाही. दाराशी, जिन्यावर, खांबाजवळ नुसता उभा. माणूस नसला की फोटोतल्या इमारतीची उंची कळतच नाही. आत फोटोला बंदी असेल तर ती पाळा. काही घरांत फोटोसाठी वेगळी परवानगी काढावी लागते. तिपाई तर घरीच ठेवा.

फोटो काढता येत नाहीत म्हणून हिरमुसणाऱ्यांना वही द्या. चित्रकला यायची गरज नाही.

९. तिथे माणसं राहतात, हे विसरू नका

मार्सेयचं युनिते द'अबितासिओं 1952 चं. 337 घरांची ही प्रचंड इमारत आजही राहती आहे. तिथला आतला रस्ता आणि गच्ची बघता येते, पण कोणाच्या उघड्या दारातून डोकावायचं नाही, जिन्यात मोठ्याने चर्चा करायची नाही. आपल्या घराबाहेर रोज वीस जण उभे राहून आपल्या दाराचा रंग कसा आहे हे बोलत असतील, तर आपल्याला कसं वाटेल? खासगी घर असेल तर रस्त्यावरूनच बघून पुढे व्हा.

१०. जमलं तर एक रात्र तिथेच

कुठल्याही फेरीत न कळणारं बरंच काही एका रात्रीत कळतं: दिवे लागल्यावर काय होतं, पहाटे कुठली खोली आधी उजळते, शेजारचा नळ किती ऐकू येतो. युनितेच्या आतच राहायची सोय आहे. जर्मनीत डेसाऊला वॉल्टर ग्रोपियसने बांधलेल्या बाऊहाऊस या कलाशाळेच्या 1926 च्या इमारतीत, जिथे विद्यार्थी राहायचे त्या 28 खोल्यांपैकी काहींत मुक्काम करता येतो. न्हाणीघर मात्र तेव्हासारखंच सामाईक.

लियाँजवळच्या, ल कॉर्बुझिएच्याच ला तुरेत मठातही राहता येतं, पण जोडप्यांनी एक गोष्ट आधीच ऐकून ठेवा: खोल्या एकेकट्याच्या आहेत. 1.83 मीटर रुंद, 2.26 मीटर उंच. हे आकडे ल कॉर्बुझिएच्या मापपट्टीतले: त्याने मनात धरलेला माणूस 1.83 मीटरचा, आणि हात वर केला की 2.26. रात्री दोघं दोन खोल्यांत आणि मधे भिंत. मी हात वर करून बघितला, माझा तळवा छताला पोचला नाही. पलीकडून तीनदा टकटक झाली. त्याचा लागला होता.

११. परत आल्यावर

त्याच संध्याकाळी, फोटो न बघता, दोघांनी वेगवेगळ्या कागदांवर इमारतीचा नकाशा आठवणीने काढायचा. दहा मिनिटं, जास्त नाही. मापं चुकली तर चुकू देत. मग कागद शेजारी ठेवायचे.

व्हिला साव्हॉयहून आल्यावर काढलेले आमचे दोन कागद अजून त्या वहीत आहेत. माझ्या नकाशात रॅम्प अख्ख्या घराएवढा झालाय आणि न्हाणीघर राहूनच गेलंय. त्याच्या नकाशात रॅम्प म्हणजे एक बारीकशी रेघ. पण गच्चीवर त्याने चार-पाच ठिकाणी छोटे गोल काढले आहेत आणि प्रत्येकाखाली बाण. मी विचारलं, हे काय? तर म्हणाला, "पाणी उतरायच्या जागा. दोनच नक्की बघितल्यात, बाकीच्या असायला पाहिजेत." त्या खरंच आहेत का, ते बघायला परत जायचंय. या वेळी सोमवार सोडून.